सव्वा मीटर

हात सवयीनं दांडीकडे गेला आणि हवेत मिटला. इंजिनावर चढताना मी कधी बघत नाही. डाव्या खांद्याला यंत्राची पिशवी, उजवा पाय खालच्या पायरीवर, उजवा हात उभ्या पितळी दांडीवर. हे इतक्या वेळा झालं आहे की त्याला मी लागतच नाही. आज मात्र पाय खडीत पडला, गुडघा मुरगळता मुरगळता राहिला आणि पिशवी पुढे येऊन बरगडीवर आपटली. दांडी होती, पण तिथे नव्हती. आधी वाटलं, आपलंच वय. बावन्नाव्या वर्षी माणसाचा अंतराचा अंदाज चुकायला लागतो, चष्म्याच्या दोन भागांमधून जमीन थोडी वर उचलल्यासारखी दिसते. मग कुंपणाच्या तिसऱ्या खांबाकडे लक्ष गेलं. पायरी नेहमी त्या खांबासमोर असते. आज खांबासमोर मोठ्या चाकाची कड होती. त्या कडेवर मी स्वतः, पहिल्या तपासणीच्या वेळी, एक पांढरा ठिपका दिला होता, हे इंजिन जागेवरून हललं तर कळावं म्हणून. ठिपका नेहमी वर असायचा, घड्याळात बारा असतात तिथे. आज तो तीनवर होता. मी टेप काढून मोजलं. एकशे चोवीस सेंटिमीटर. चाकाचा बरोबर पाव फेरा. पन्नास टनांचं लोखंड सव्वा मीटर पुढे गेलं होतं, आणि माझ्या वहीत अठरा वर्षांत, ओळीनं नऊ वेळा, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: हालचाल शून्य.

मी खडीवरच बसले. पिशवीतलं जाडी मोजायचं यंत्र काढून ते चालतं का बघितलं. वहिनी म्हणते ते खोटं नाही, की घरात कुणाला ताप आला तर मी आधी थर्मामीटर तपासते. यंत्र नीट होतं. टेप नीट होती. मी दर दोन वर्षांनी येते, उन्हाळा संपत आलेला असतो तेव्हा, कारण पत्रा पूर्ण वाळलेला असला की जाडीचे आकडे खरे येतात. कारखाना बंद झाल्यावर त्यातलं हे एकच इंजिन ठेवलं, चाळीस मीटर रूळ, वर पत्र्याचं छप्पर, भोवती कुंपण. आता हे आवार शाळेच्या मुलांसाठी उघडायचं ठरलं आहे आणि म्हणून या खेपेची तपासणी चार महिने आधी आली. एवढाच फरक होता. मी चार महिने आधी आले होते. घड्याळाकडे रोज फक्त बाराच्या ठोक्याला बघणाऱ्या माणसाला काटे कधी हलताना दिसणार नाहीत. तो शपथेवर सांगेल, काटे बाराच्याच जागी असतात. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं आहे. ज्या गतीनं वस्तू मूळ जागी परत येते, त्याच गतीनं तिला बघायचं नाही, नाहीतर ती स्थिर वाटते. अर्धं वर्ष पुढे, अर्धं वर्ष मागे. कुणीतरी हे इंजिन पाव फेरा पुढे नेत होतं आणि सहा महिन्यांनी पाव फेरा मागे आणत होतं, आणि मी दर वेळी ते मागे आणल्यावर येत होते.

कुणीतरी, असं मी मनात म्हटलं खरं. पण पहार आणि रूळ, चाकाखाली तिरकी घातलेली पहार आणि तिच्यावर टाकलेलं अंग, हे डोळ्यांपुढे आलं तेव्हा त्या अंगाला खांदे होते, खांद्यांना तपकिरी सदरा होता आणि सदऱ्याच्या बाहीला रॉकेलचा आणि कपडे धुण्याच्या साबणाचा मिळून एक वास होता. तो वास मला एकोणीस वर्षांत कुठेही आलेला नाही. मी मुद्दाम शोधलाही आहे, गॅरेजांच्या दारातून जाताना पावलं हळू करून.

तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की लोखंडाबद्दल मला बरंच कळतं. इंजिन मांडून ठेवण्याआधी त्याची तपासणी करायला मला आठ महिने दिले होते आणि मदतीला एक मिस्त्री. आम्ही एकमेकांना पहिल्या दिवसापासून मिस्त्री आणि बाई म्हणत होतो, शेवटच्या दिवसापर्यंत. मी बसायच्या आधी तो जागा सुतानं पुसायचा, मी बसल्यावर दूर जाऊन बसायचा. बायकोला तो बायको म्हणत नसे. "आमच्या घरी म्हणतात, तुमच्या बाईंना डब्यातलं द्या, त्या नुसत्या बिस्किटांवर राहतात." मग डब्याचा वरचा कप्पा माझ्याकडे सरकवायचा. आमच्या घरी, आमच्या घरी. त्या घराची दारं-खिडक्या मला पाठ होत्या, पायरी कधी चढले नाही. काम असं चालायचं: इंजिनाच्या तोंडाशी जी धुराची पेटी असते, गोल, माणूस वाकून मावेल एवढी, तिच्यात मी दिवा घेऊन शिरायची. आत खडूनं चौकटी आखायची. बाहेरून तो हातोडीनं हलकेच टक् करायचा, कुठली चौकट ते कळावं म्हणून, आणि मी आतून त्या जागी तळवा टेकून "हो" म्हणायची. टक्. हो. टक्. हो. पत्र्यातून तो ठोका तळव्याला लागायचा, आवाजाच्या किंचित आधी. आमच्यामध्ये साडेनऊ मिलिमीटर पोलाद होतं. हे मी अंदाजानं सांगत नाही. मोजून वहीत लिहिलेलं आहे. पुढे पुढे त्याला माझी चौकट कुठली हे टक् न करताही कळायचं, पण त्यानं ते थांबवलं नाही, आणि मीही सांगितलं नाही की आता गरज नाही. आठ महिन्यांत आमच्यात जे काही झालं ते एवढंच. ते कुणाला सांगायला गेलं तर सांगण्यासारखं त्यात काही नाही, आणि म्हणून ते झिजलंही नाही.

मिस्त्रीचं एकच म्हणणं होतं. इंजिन उभं ठेवायचं तर ठेवा, पण दर सहा महिन्यांनी त्याला पाव फेरा द्यायचा. "एका कुशीवर पडलेल्या माणसाला पाठ फुटून जखमा होतात की नाही बाई? तसंच. सगळं वजन एकाच जागी बसतं, तिथलं तेल पिळून निघतं, मग गंज तिथून चावायला लागतो. बाहेरून रंग देत बसा तुम्ही, आत गेलेलं असतंय." हे त्यानं आसाच्या पेटीचं झाकण उघडून, माझं बोट धरून, बेअरिंगच्या त्या चमकत्या पट्ट्यावर फिरवून दाखवलं होतं. फक्त बोट, तेही धरलं ते तेल पुसायच्या सुताच्या आडून. मी आराखड्यात ते लिहिलं. समितीच्या अध्यक्षांनी लाल पेनानं खोडलं. "बाई, स्थिर म्हणजे स्थिर. हलवायचं असतं तर चालू नसतं का ठेवलं?" बाकीचे हसले. मी नवी होते. मी सही केली. आणि शेवटच्या दिवशी, हत्यारं पेटीत भरताना, मिस्त्रीनं वर न बघता विचारलं, "ते सहा महिन्यांचं लिहिलंत ना बाई?" त्याच्या हातात नट आवळायचे पाने होते, तो ते आकारानं लावत होता, लहानापासून मोठ्यापर्यंत. मी म्हटलं, "लिहिलंय."

माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान खोटं. ते बोलायला अर्धा सेकंदही लागला नसेल.

"पडलात का मॅडम?" माळी पाण्याची नळी ओढत आला. तीन वर्षांपूर्वी लागलेला, बोलका माणूस.

"नाही. हे इंजिन कोण हलवतं?"

"मिस्त्री हलवतात की. आजोबा आणि आजी. आजीच हलवतात म्हणा ना, आजोबांचे हात आता असे असे करतात." त्यानं नळी धरलेला हात थरथरवून दाखवला, पाण्याची धार नाचली. "पहार आजी घालतात. आजोबा नुसते ओरडतात, हळू हळू, तुझ्या बापाचं आहे का. आजी म्हणतात, तुमच्या बापाचं तरी कुठे आहे!"

"आणि तुम्ही येऊ देता त्यांना?"

"मी पहिल्यांदा अडवलंच की. म्हटलं आजोबा, सरकारी माल आहे, माझी नोकरी खाल. तर म्हणाले, कागदावर आहे. दर सहा महिन्यांनी पाव फेरा. बाईंनी लिहून ठेवलंय, ऑफिसात जाऊन बघ. आता ऑफिसातले लोक कुठे येणार पहार घेऊन, म्हणून मी येतो." माळ्यानं नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली. "मी कशाला जातोय ऑफिसात बघायला? बाईंनी लिहिलंय म्हटल्यावर लिहिलंच असणार."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत? आणि तुम्ही ऑफिसच्याच ना? मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल." मग माझ्या तोंडाकडे बघत, "येत्या रविवारी येणारेत सकाळी. परत मागे न्यायला. काही गडबड आहे का मॅडम?"

मी नाही म्हटलं. आसाची पेटी उघडली. आत तेल होतं, स्वच्छ, मधाच्या रंगाचं, आणि बेअरिंग आरशासारखं. हे मी नऊ वेळा बघितलं होतं. नऊ वेळा लिहिलं होतं, स्थिती अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगली. आणि कारण शोधायला हवं म्हणून शोधलं होतं, इथली हवा कोरडी आहे, आर्द्रता अमुक टक्के आहे. त्यावर एक शोधनिबंध लिहिला, आलेख काढले. अशा हवेत उभ्या इंजिनाला फेरा देण्याची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तो लोकांना आवडला. कुणाला काम कमी करायला सांगितलं की ते आवडतंच. त्याच्या आधारावर आणखी अकरा इंजिनांचे फेरे बंद झाले, हे मला पत्रांनी कळवलं होतं, आभारासकट. मी हवा मोजत होते. तेल कुठून येतं हे मी एकदाही विचारलं नाही. म्हणजे एक माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवून वर्षातून दोनदा इथे येऊन घाम गाळत होता, आणि मी त्याच्या घामाचं श्रेय हवेला देऊन, तो करतो ते काम निरर्थक आहे असं सिद्ध करत होते.

त्या संध्याकाळी वहिनी भाजी निवडत होती आणि मी तिच्या समोर बसून निवडलेल्या देठांची जुडी करत होते, लांबीनं. दादा गेल्यापासून आम्ही दोघीच. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि माझ्या तोंडावरचं तिला वाचता येतं. दादाला कधी येत नव्हतं.

"कोण भेटलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही."

"मग देठ का मोजतेयस?"

मी तिला इंजिनाचं सांगितलं, निबंधाचं सांगितलं, अकरा ठिकाणांचं सांगितलं, आणि इंजिन हलतं असं अहवालात आलं तर शाळेच्या मुलांसाठी चाकं वेल्ड करून टाकतील हेही. टक् आणि हो एवढं सोडून सगळं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे लिहिलंस की चाकं रुळाला जोडून टाकणार, वितळवून. आणि नाही लिहिलंस तर तो माणूस येत राहणार."

"आणि अकरा इंजिनं गंजत राहणार."

"अकरा इंजिनांसाठी तू अशी बसली नाहीस, बाई माझे," वहिनी म्हणाली आणि देठांची जुडी माझ्या हातातून काढून घेतली. "तेव्हाच सांगायचं होतंस."

"काय?"

"ते मी कसं सांगू? मी होते का तिथे?"

साहेबांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. माझ्या निम्म्या वयाचा अधिकारी, वागायला गोड. अहवाल त्याला शुक्रवारपर्यंत हवा होता. "मॅडम, मुलं येणार आहेत. हलतंय असं तुम्ही लिहिलंत की चाकं वेल्ड करणं भाग आहे मला. तुम्ही नऊ वेळा शून्य लिहिलंय ना? दहाव्यांदा लिहा. शून्याला काय त्रास होतो?"

"ती नऊ शून्यं चुकीची आहेत."

"चुकीची म्हणजे?"

"म्हणजे मी चुकले."

बहुतेक त्यानं हे वाक्य कार्यालयीन कामकाजात पूर्वी ऐकलं नसावं. "हे लेखी कशाला देताय मॅडम? निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची?"

"सहा. आणि वेल्ड केलं तर इंजिनही तेवढीच टिकेल. वेल्डऐवजी चाकांना काढता-घालता येणारं कुलूप बसवा. किल्ली माळ्याकडे ठेवा."

"चाकाला कुलूप? मॅडम, सायकल आहे का ती?" तो हसला, मीही हसले, आणि त्यामुळे पुढचं बोलणं सोपं गेलं. त्यानं सांगितलं की तो कागद वर पाठवेल, वर काय होईल ते त्याच्या हातात नाही, महिना लागेल, आणि वेल्डिंगवाल्याचं नाव त्यानं यादीतून काढलेलं नाही. तोपर्यंत? तोपर्यंत तुमच्या जबाबदारीवर, मॅडम.

अहवाल मी हातानं लिहिला, मग टंकला. मागील नऊ नोंदींचा निष्कर्ष मागे घेत आहे. शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र सोबत, अकरा ठिकाणी प्रती. बेअरिंग सुस्थितीत असण्याचं कारण हवा नसून दर सहा महिन्यांनी दिलेला पाव फेरा हे आहे. तो कोण देतं ते लिहिताना मी बराच वेळ थांबले. मला मिस्त्रीचं पूर्ण नाव माहीत होतं, हजेरीपटावर रोज बघितलं होतं, पण ते मी कधी उच्चारलं नव्हतं, लिहिलं तर मुळीच नव्हतं. लिहिताना ते एखाद्या परक्या माणसाचं वाटलं. सही केली. एकोणीस वर्षं उशीर झालेली एक ओळ कागदावर आली, आणि तिला बघून मला काही म्हणता काही वाटलं नाही. वाटेल अशी मी वाट बघत होते.

रविवारी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. सकाळी सातला वहिनीनं माझी पिशवी दाराशी आणून ठेवली आणि ती आत गेली.

ते दोघं आधीच आलेले होते. तो एका उलट्या बादलीवर बसला होता. खांदे कमी झाले होते. माणसाचे खांदे कमी होऊ शकतात हे मला माहीत होतं, पण त्याचे, असं मी धरलं नव्हतं. हात गुडघ्यांवर ठेवलेले होते आणि गुडघ्यांवरही थरथरत होते. ती रुळाशी उकिडवी बसून पहारीचं टोक चाकाखाली जमवत होती. उंच, हाडापेरानं मजबूत, पदर कमरेला खोचलेला. एकोणीस वर्षं मी तिला बुटकी समजत होते.

"बाई," तो म्हणाला. उठायला लागला. मी बसा म्हटलं. तो बसला. रॉकेलचा वास नव्हता. औषधी तेलाचा होता.

"याच का त्या बिस्किटांच्या बाई?" ती म्हणाली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, राग नाही, उत्सुकता. "अजून बारीकच आहात."

शब्द एकापाठोपाठ एक आले, अहवालासारखे. "मिस्त्री, ते मी लिहिलं नव्हतं. तेव्हा. त्यांनी खोडलं आणि मी सही केली. तुम्हाला खोटं सांगितलं. परवा शुक्रवारी लिहिलं. आता कदाचित चाकं वेल्ड करतील."

त्याचे हात थरथरत राहिले, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. तो चाकाकडे बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "म्हणजे कागदावर नव्हतंच?"

"नव्हतं."

"मग इतकी वर्षं आम्ही आपलं उगाच—"

"उगाच काय उगाच?" तिनं पहार आपटली. "बेअरिंग बघितलंत ना बाई? कसं आहे?"

"आरशासारखं."

"मग. कागदानं केलंय का ते?" आणि त्याच्याकडे वळून, "सहा-सहा महिन्यांनी घराबाहेर तरी पडत होतात. नाहीतर नुसता पेपर वाचून माझं डोकं खाल्लं असतंत."

तो हसला, आवाज न करता, पूर्वी हसायचा तसा, आणि हसता हसता त्यानं डोळ्यांवरून मनगट फिरवलं. घाम असेल. ऊन वर आलं होतं. मी विचारलं नाही. ते ज्या नजरेनं बघायला हवं होतं ती माझी नव्हती, तिची होती, आणि ती बघत होती.

"आलात तर पाचर धरा," तो मला म्हणाला. "मागच्या बाजूला. माळी नीट धरत नाही, बोलत बसतो. चाक सरकलं की लगेच आत ढकलायची, नाहीतर परत येतं."

मी चाकाच्या मागे गुडघे टेकले. लाकडी पाचर जड होती, वापरून कडा गोल झालेल्या. चाकाच्या आऱ्यांमधून मला फक्त त्याचे बूट आणि तिचे पाय दिसत होते, आणि तो बादलीवरून उठल्याचा आवाज आला. थरथरते हात पहारीवर तिच्या हातांच्या शेजारी गेले असणार. "हळू," तो म्हणाला. "हं." पहार करकरली. चाक जिथे होतं तिथेच होतं. ठिपका तीनवरच. मी डोळे न मिटता बघत होते, इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही बघितलं नसेल, आणि तरी ते कधी सुरू झालं हे मला सांगता येणार नाही. पाचर आणि चाक टेकलेली होती, आणि मग टेकलेली नव्हती. मध्ये केसाएवढा उजेड होता. "बाई!" तो ओरडला. मी पाचर आत ढकलली. उजेड गेला. पलीकडे दोघं दम घेत होते, ती काहीतरी पुटपुटली, तो काहीतरी म्हणाला, ते माझ्यासाठी नव्हतं. मी लाकडावर तळवा दाबून धरला आणि पुढची फट पडायची वाट बघत राहिले.